आधी उचल द्या, मग पावत्या मागा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

चिपच्या कारखान्यांच्या बातम्या हल्ली आपल्या पहिल्या पानावर असतात. धोलेऱ्यात टाटा आणि तैवानच्या पॉवरचिपचा ९१,००० कोटींचा प्रकल्प, मग साणंद, मग आसामातले जागीरोड. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारने या उद्योगासाठी ७६,००० कोटी रुपयांचा कार्यक्रम मंजूर केला. ‘चिप्स टू स्टार्टअप’ योजनेत ८५,००० अभियंते तयार करायचे आहेत. एप्रिल २०२३ मध्ये राष्ट्रीय क्वांटम मिशनला सहा हजार कोटींवर रक्कम मिळाली आणि त्याच्या चार केंद्रांपैकी एक पवईला आयआयटी मुंबईत आले. वाचून बरे वाटते. मी राज्यातल्या एका विद्यापीठाच्या वित्त विभागातून साहाय्यक लेखाधिकारी म्हणून निवृत्त झाले. कोटींचे आकडे माझ्या टेबलावर कधी आले नाहीत. माझ्याकडे यायची ती चौदा-पंधरा हजारांची बिले, आणि हे पत्रही परिषदेला जाणाऱ्या संशोधक विद्यार्थ्यांना तेवढीच रक्कम आधी हातात मिळावी, एवढ्यासाठी आहे.

भौतिकशास्त्र किंवा इलेक्ट्रॉनिक्समध्ये पीएच.डी. करणारी मुले परिषदेला जाऊन आली की प्रवासखर्चाचे बिल टाकतात. त्याला काय काय जोडायचे ते मला अजून पाठ आहे. निबंध स्वीकारल्याचा मेल, निबंधाचा सारांश, नोंदणीची मूळ पावती, तिकिटे, हजेरीचे प्रमाणपत्र, मार्गदर्शकांची शिफारस, विभागप्रमुखांची सही आणि शिक्का. मी वाणिज्य शाखेची, नॅनोइलेक्ट्रॉनिक्सशी माझा संबंध टाचणीपुरता. पण दुपारनंतर काउंटरवरची गर्दी ओसरली की ते सारांश वाचायचा मला नाद लागला. कळायचे थोडेच. मग बिल घेऊन आलेल्यालाच विचारायची. एकाने सांगितले होते की इंटरनेट ज्या काचेच्या तंतूतून धावते त्यातला प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, त्याची तरंगलांबी १,५५० नॅनोमीटरच्या आसपास असते आणि एक किलोमीटर काच ओलांडूनही त्यातला जेमतेम चार-पाच टक्के कमी होतो. आता तोच प्रकाश चिपच्या आत, सिलिकॉनच्या बारीक वाटांवरून फिरवायचे काम जगभर चालू आहे, कारण माहितीचा ओघ वाढला तशा तांब्याच्या तारा तापायला लागल्या. त्याच्या बिलात रिक्षाभाड्याची पावती नव्हती, म्हणून तेवढे ऐंशी रुपये कापले गेले. प्रकाशाचे मात्र माझ्या लक्षात राहिले.

काही वर्षांपूर्वी जत तालुक्यातली एक मुलगी अशीच आली होती. घरी डाळिंबाची बाग, ती तेल्या रोगाने बसलेली. तिचा विषय मेमरिस्टर. वीजपुरवठा बंद केला तरी आपला रोध किती होता हे लक्षात ठेवणारा हा घटक लिऑन चुआ यांनी १९७१ साली कागदावर मांडला. तो प्रत्यक्ष हाती लागल्याचे एचपी कंपनीच्या प्रयोगशाळेने जाहीर केले ते २००८ साली, टायटॅनियम डायऑक्साइडच्या काही नॅनोमीटर जाडीच्या थरातून. माणसाचा केस ऐंशी हजार ते लाखभर नॅनोमीटर जाड असतो, यावरून काय ते समजा. ही मुलगी असे थर तापलेल्या काचेवर द्रावणाचा फवारा मारून तयार करत होती. आपल्याकडच्या विद्यापीठांत ही पद्धत बरीच रुळली आहे, कारण तिला कोट्यवधींचे यंत्र लागत नाही. तिचे पोस्टर, म्हणजे संशोधन मांडणारा मोठा छापील तक्ता, बंगळुरूला डिसेंबरात भरणाऱ्या ‘इमर्जिंग इलेक्ट्रॉनिक्स’च्या आंतरराष्ट्रीय परिषदेत स्वीकारले गेले होते. मिरजेहून राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने ती गेली आणि आली.

तिकडे काय झाले ते तिने मला, बिलातल्या त्रुटींचा आमचा कागद हातात असतानाच, सांगितले. पोस्टरपाशी ती दोन तास उभी होती. लोक येत, आलेख बघत, पुढे जात. एक वयस्कर गृहस्थ थांबले. त्यांनी विचारले, वरचा इलेक्ट्रोड (थराला वीज जोडणारा धातूचा लेप) कशाचा आहे? ती म्हणाली, चांदीचा, सिल्व्हर पेस्ट लावली आहे. ते म्हणाले, मग ही जी स्मृती दिसते आहे ती तुमच्या ऑक्साइडची की चांदीची? व्होल्टेज दिले की चांदीचे आयन, म्हणजे विद्युतभारित अणू, थरात शिरतात आणि आरपार एक बारीक धागा विणतात. उलटे व्होल्टेज दिले की धागा तुटतो. रोध कमी-जास्त होतो तो एवढ्यानेही होऊ शकतो. सोने किंवा प्लॅटिनम लावून तेच मोजमाप पुन्हा करा, मग बोला.

तिच्या विभागात हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. विचारणार कोण? त्या विषयावर काम करणारी तिथे ती एकटी. मार्गदर्शकांचा पिंड सौरघटांचा. पण सोन्याचा इलेक्ट्रोड लावायचा तर निर्वात कक्षात धातूची वाफ करणारे चांगले यंत्र पाहिजे, आणि ते आमच्याकडचे तेव्हा दुरुस्तीला गेलेले. त्यावरही तिथेच उत्तर मिळाले. ‘इंडियन नॅनोइलेक्ट्रॉनिक्स यूजर्स प्रोग्रॅम’ नावाचा केंद्र सरकारचा एक कार्यक्रम आहे. बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था (आयआयएस्सी) आणि आयआयटी मुंबईच्या नॅनो प्रयोगशाळा त्यातून बाहेरच्या विद्यार्थ्यांना वापरायला मिळतात. पुढे त्यात दिल्ली, मद्रास, खरगपूर आणि गुवाहाटी इथल्या आयआयटीही आल्या. हे सगळे संकेतस्थळावर लिहिलेले आहे. तरी तिला ते चहाच्या रांगेत, पुढे उभ्या असलेल्या गुवाहाटीच्या मुलीकडून कळले. पुढे अर्ज करून ती पवईला गेली. तिच्या प्रबंधातले एक अख्खे प्रकरण त्यातून निघाले.

आता बिलाचे सांगते. नोंदणी, त्यावरचा अठरा टक्के जीएसटी, पोस्टरची छपाई, तिकीट, राहणे असे सगळे मिळून चौदा हजारांच्या आसपास झाले होते. हे पैसे तिने आधी स्वतः भरायचे आणि परत आल्यावर विद्यापीठाकडून घ्यायचे, असा नियम. स्वतः म्हणजे कुठून? तिच्या आईने बचत गटातून कर्ज काढले. बिल जानेवारीत आले. पहिली त्रुटी, नोंदणीच्या पावतीवर विद्यापीठाचा जीएसटी क्रमांक नाही. दुसरी, तिकीट थ्री टायर एसीचे, विद्यार्थ्याला देय स्लीपर. (स्लीपर मिळाले नव्हते, पण त्याचा पुरावा काय जोडणार?) तिसरी, प्रवास अनुदान समितीची बैठक व्हायची आहे. ती फेब्रुवारीत व्हायची होती, झाली एप्रिलात. तोवर ३१ मार्च उलटला, जुन्या वर्षाचे लेखाशीर्ष बंद झाले आणि नव्या वर्षाच्या तरतुदीतून मागच्या वर्षाचा खर्च द्यायला पुन्हा वेगळी मंजुरी लागली. पैसे जूनमध्ये खात्यावर गेले. बचत गटाचे व्याज शेकडा दोन रुपये महिना. चौदा हजारांवर सहा महिन्यांचे सोळाशे ऐंशी रुपये. व्याज देण्याची सोय आमच्या कुठल्याच नियमात नाही.

विद्यापीठाचे नाव लिहीत नाही. लिहून उपयोगही नाही, कारण इतर विद्यापीठांतल्या आमच्या मित्रमैत्रिणींशी बोलले की हीच कहाणी वेगळ्या तारखांनी ऐकायला मिळते. त्या काउंटरवर कोणी लबाड बसलेले नसते. प्रत्येक त्रुटीमागे एखादा जुना लेखापरीक्षणाचा आक्षेप असतो आणि टेबलावरचा माणूस तो आठवून शेरा मारत असतो.

खरी अडचण एकच आहे आणि ती बाहेरच्यांना माहीत नसते. प्राध्यापक दौऱ्यावर निघाले की त्यांना आगाऊ रक्कम मिळते. आल्यावर हिशेब द्यायचा, उरलेले भरायचे. नाही दिला तर पगारातून वसुली. विद्यार्थ्याला पगार नाही. मग उचल दिली आणि तो हिशेब न देता गायब झाला तर वसूल कोणाकडून करायचे, या एका प्रश्नावर विद्यार्थ्यांची उचल अडते. म्हणून मदतीची योजना असते, तरतूद असते, वर्षाअखेरीस त्यातली बरीच रक्कम शिल्लकही राहते आणि ‘मागणी कमी’ असा निष्कर्ष काढून पुढच्या वर्षी तरतूद कापली जाते. मागणी कमी नसते. चौदा हजार सहा महिने अडकवून ठेवायची ज्यांच्या घरची ऐपत आहे तेवढेच अर्ज करतात. बाकीचे मार्गदर्शकांना ‘सर, घरी लग्न आहे’ असे काहीतरी सांगून मोकळे होतात.

गंमत अशी की याच विद्यापीठांत या प्रश्नाचे उत्तर पूर्वीपासून आहे. आंतरविद्यापीठ कबड्डीचा संघ बाहेरगावी जातो तेव्हा मुली स्वतःच्या खिशातून तिकीट काढतात का? संघ व्यवस्थापकाच्या नावावर उचल काढली जाते, तिकिटे आधी येतात, दैनिक भत्ता हातात मिळतो, ट्रॅकसूटही मिळतो. ‘इंद्रधनुष्य’ युवक महोत्सवाला जाणाऱ्या कलाकारांचेही तसेच. संशोधनाच्या ‘आविष्कार’ स्पर्धेलाही संघ म्हणून जातात, म्हणून तिथेही जमते. परत आल्यावर व्यवस्थापक हिशेब देतो, आणि व्यवस्थापक कर्मचारी असल्याने वसुलीची चिंता नसते. खेळाडूंचे हे लाड आहेत असे मला मुळीच म्हणायचे नाही, उलट भत्ता कमीच पडतो. माझे म्हणणे एवढेच की मेमरिस्टरचे पोस्टर घेऊन एकटी निघालेली मुलगीही विद्यापीठाच्याच नावाने उभी राहणार असते. तिचा मार्गदर्शक हा तिचा संघ व्यवस्थापक. त्याच्या नावावर उचल काढा.

मार्गदर्शक नाही म्हणाले तर? काही म्हणतील. त्यांच्यासाठी दुसरी वाट आहे. पुष्कळ मुलांची शिष्यवृत्ती विद्यापीठाच्याच खात्यातून जाते. उचल शिष्यवृत्तीतून वळती करायची लेखी संमती घेतली की झाले. मात्र शिष्यवृत्ती वेळेवर येते असे गृहीत धरू नका. जेआरएफचा, म्हणजे कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्तीचा, दर १ जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये झाला, पण तो दर महिन्याला हातात पडतो असे नाही. बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांकडून शिष्यवृत्ती घेणाऱ्या संशोधक विद्यार्थ्यांना हक्काच्या पैशांसाठी आंदोलने करावी लागली, हे आपल्याच वृत्तपत्रातून वाचले. आणि एम.टेक.च्या मुलांना गेट या प्रवेशपरीक्षेवर मिळणारे १२,४०० रुपये महिना, तेही गेट उत्तीर्ण असलेल्यांनाच. त्यातून मेसचे बिल भरून परिषदेचे शुल्क कसे निघायचे?

‘ही पोरं फिरायला जातात’ असे आमच्याच विभागात म्हणणारे होते. म्हणणाऱ्यांनी स्वतः किती कार्यशाळा महाबळेश्वरला केल्या ते मी सांगत नाही. पण त्यांच्या बोलण्यात तथ्य अजिबात नव्हते असेही नाही. एखाद्या हॉटेलात दोन दिवस भरणाऱ्या, नावात ‘आंतरराष्ट्रीय’ असलेल्या, विज्ञान, व्यवस्थापन आणि योग अशा सगळ्या विषयांचे निबंध एकत्र घेणाऱ्या आणि पैसे भरले की चोवीस तासांत ‘स्वीकृत’ कळवणाऱ्या परिषदांची बिले माझ्या हातून गेली आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०१६ च्या नियमांनी पीएच.डी.चा प्रबंध देण्याआधी दोन परिषदांत निबंध सादर करणे बंधनकारक केले होते. सक्ती केली, खर्चाची सोय केली नाही. मग मुलांनी जवळची आणि स्वस्त परिषद गाठली, त्यात नवल काय? २०२२ च्या नियमांतून ती सक्ती गेली, हे चांगलेच झाले. पण ‘आता आवश्यकता नाही’ असा शेरा मारून प्रवास अनुदानच आटवायला काही कार्यालये टपलेली असतील. तसे होऊ देऊ नये. खरी परिषद आणि दुकान यातला फरक समितीतल्या कोणाही जाणत्या प्राध्यापकाला कार्यक्रमपत्रिका पाहून पाच मिनिटांत कळतो. सेमीकंडक्टर उपकरणांच्या भौतिकीवर दर दोन वर्षांनी भरणारी कार्यशाळा १९८१ पासून चालू आहे. अशा ठिकाणी जाणाऱ्या मुलाला ‘फिरायला चाललास का’ विचारणे हा शुद्ध आडमुठेपणा.

आधी पैसे देऊन विद्यार्थ्याला बोलावणे ही काही माझी कल्पना नाही. पाकिस्तानी भौतिकशास्त्रज्ञ अब्दुस सलाम १९५१ साली केंब्रिजहून लाहोरला परतले. तिथे आपल्या विषयावर बोलायलाच कोणी नाही, हे त्यांनी तीन वर्षे सोसले आणि शेवटी देश सोडून पुन्हा केंब्रिज गाठले. दुसऱ्या कोणावर अशी पाळी येऊ नये म्हणून त्यांनी १९६४ साली इटलीत त्रिएस्तला सैद्धांतिक भौतिकीचे आंतरराष्ट्रीय केंद्र उभे केले. तिथे प्रकाशविज्ञानाचा हिवाळी अभ्यासवर्ग भरतो. त्याला नोंदणी शुल्क नाही, आणि विकसनशील देशांतून निवडलेल्या अनेकांच्या प्रवासाची व राहण्याची सोय केंद्र करते. ज्या माणसाला नोबेल मिळाले त्याने एकटेपणाचा इलाज म्हणून तिकिटाच्या पैशांची व्यवस्था लावली. आमच्या समितीला मात्र परिषदेत निबंध वाचायला जायचे कारण दरवेळी नव्याने पटवावे लागते.

यात सरकारकडे नवा निधी मागण्यासारखे काही नाही. विद्यापीठाला चार गोष्टी स्वतःच्या अधिकारात करता येतात. नोंदणी शुल्क विद्यार्थ्याने भरण्याऐवजी वित्त विभागाने थेट आयोजकांच्या खात्यावर भरावे. पावती आपोआप विद्यापीठाच्या नावाने येते आणि जीएसटी क्रमांकाची त्रुटी जन्मालाच येत नाही. सवलतीच्या नोंदणीची मुदत दोन-तीन आठवड्यांची असते आणि डिसेंबरातल्या परिषदांची ती पुष्कळदा दिवाळीच्या सुट्टीत येते. म्हणून पंचवीस हजारांपर्यंतची मंजुरी विभागप्रमुखांच्या पातळीवर असावी, समितीच्या बैठकीसाठी थांबू नये. समितीने नंतर आढावा घ्यावा, चुकीची परिषद निवडली असेल तर पुढच्या वेळी हात आखडावा. प्रवास आणि राहण्यासाठी अंदाजित खर्चाच्या नव्वद टक्के उचल मार्गदर्शकांच्या नावावर निघावी. आणि तिकीट थ्री टायर एसीचे मान्य करावे. रात्रभराच्या प्रवासात एकट्या मुलीने आरक्षण मिळेल त्या डब्यातून यावे की नाही, हा प्रश्न लेखापरीक्षकांनी स्वतःच्या लेकीला डोळ्यांसमोर आणून सोडवावा.

परदेशातल्या परिषदांचा मामला वेगळा आहे. व्हिसा, विमान, परकीय चलन, यांत रकमा दहा पटींनी वाढतात आणि तिथे केंद्राच्या योजनांशिवाय भागत नाही. त्यावर लिहायला माझ्यापेक्षा अधिकारी माणसे आहेत.

आयोजकांनाही एक विनंती. आपल्या आयआयटीत किंवा विद्यापीठात परिषद असेल तर वसतिगृहाच्या खोल्या विद्यार्थ्यांना द्या, त्यांचे दर नोंदणीच्या पानावर आधीच लिहा. हजेरीचे प्रमाणपत्र शेवटच्या दिवशी समारोपानंतर वाटण्याचा हट्ट सोडा, कारण लांबच्या मुलांच्या गाड्या दुपारीच असतात. आणि प्रमाणपत्रावर तारखा छापा. तारखा नसलेल्या प्रमाणपत्रांनी आमच्या काउंटरवर किती मुलांना परत पाठवले याची मोजदाद नाही.

विद्यापीठांची अंदाजपत्रके मार्चमध्ये अधिसभेपुढे येतात. पदवीधर गटातून निवडून गेलेले सदस्य त्या दिवशी वसतिगृहांतले पाणी, परीक्षांचे निकाल यांवर बोलतात. बोलायलाच हवे. त्यांच्यापैकी एकाने उठून ‘विद्यार्थी संशोधन प्रवास अग्रिम’ (अग्रिम म्हणजे उचल) असे वेगळे लेखाशीर्ष उघडण्याची सूचना मांडावी. अग्रिमाचा अर्ज, हमीपत्र आणि समायोजनाचा तक्ता असा दोन पानांचा नमुना मी तयार करून ठेवला आहे. लेखापरीक्षणात टिकेल असा आहे, एवढे नोकरीच्या अनुभवावरून सांगते. ज्यांना हवा असेल त्यांनी आपल्या वृत्तपत्राच्या कार्यालयाकडे कळवावे, मी पाठवीन.

आपली,
एक निवृत्त साहाय्यक लेखाधिकारी, सातारा
(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)